क्यू ड्युरेबल केली म्हणजे मेसेज सेफ? अजिबात नाही

रॅबिटएमक्यूत (एका प्रोग्रामचे मेसेज दुसऱ्यापर्यंत पोचवणारा सर्व्हर) क्यू, म्हणजे मेसेजची रांग, बनवताना ड्युरेबल (टिकाऊ) ट्रू टाकलं की मेसेज कधीच हरवत नाही, हे अंधेरी-पवईच्या ऑफिसांत ज्युनिअर पोरांना सर्रास सांगितलं जातं आणि ती पोरं पुढच्यांना सांगतात. चूक आहे हे. ड्युरेबल फक्त क्यूसाठी असतं, सर्व्हर रीस्टार्ट झाला की क्यू परत मिळते पण साध्या क्लासिक क्यूमधले मेसेज गायब, डबेवाल्याची पेटी जागेवर आणि आत डबेच नाहीत तसं. पायथनच्या पिका लायब्ररीतून पाठवताना प्रत्येक मेसेजला डिलिव्हरी मोड 2 (म्हणजे मेसेज डिस्कवर ठेव) द्यावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही, डिस्कवर लिहायच्या आधीच सर्व्हर पडला तर गेलाच, म्हणून चॅनलवर (सर्व्हरशी बोलायच्या वाटेवर) कन्फर्म डिलिव्हरी चालू करा, म्हणजे मेसेज सर्व्हरने घेतल्याची पावती मिळते आणि नाही मिळाली तर परत पाठवता येतो.

घेणाऱ्या बाजूला तर कोणी बघतच नाही. ॲक म्हणजे मेसेज मिळाल्याची पोच, ट्युटोरियलमधलं ऑटो ॲक ट्रू जसंच्या तसं उचलतात (आणि मग सोमवारी सकाळी लॉग उकरत बसतात), त्यात मेसेज तुमच्याकडे पाठवला की लगेच क्यूमधून उडतो, स्क्रिप्ट मध्येच मेली तरी. ॲक हाताने द्या, काम संपल्यावर. मग स्क्रिप्ट मेली तर कनेक्शन तुटताच मेसेज परत क्यूत येतो, फक्त तोच मेसेज दोनदा येऊ शकतो हे धरूनच कोड लिहा, नाहीतर कस्टमरला एकाच बुकिंगचे दोन एसेमेस जातील.