प्राउट्स नेक

प्राउट्स नेक : अमेरिकेच्या मेन राज्यातील एक छोटे खडकाळ भूशिर. पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस, स्कारबरो गावाच्या हद्दीत ते अटलांटिक महासागरात शिरलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे उन्हाळी घरांची वसाहत उभी राहिली. कलेच्या इतिहासात मात्र या जागेला महत्त्व आले ते चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) याच्यामुळे. १८८३ पासून मृत्यूपर्यंत त्याचे घर येथेच होते.

या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक सरासरी पावणेतीन मीटर असतो. त्यामुळे एकच खडक दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा बुडतो. धुके केव्हाही उतरते, आणि थंडीच्या महिन्यांत ईशान्येकडून येणारी वादळे कड्यांवर थेट आदळतात. चित्रकाराला याहून चंचल प्रकाश क्वचितच मिळेल.

होमरचा जन्म बॉस्टनचा. जलरंग त्याने प्रथम पाहिले ते आईच्या हातचे. शिलामुद्रण छापखान्यात उमेदवारी केल्यावर तो ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी चित्रे काढू लागला. अमेरिकन यादवी युद्धाची आघाडीही त्याने रेखाटली. १८८१–८२ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या कोळी गावात राहिल्यावर त्याच्या चित्रांतला समुद्र गंभीर झाला. परतल्यावर काही काळातच तो प्राउट्स नेकला आला. घरच्यांनी येथे जमिनी घेतल्याच होत्या. भावाच्या घराजवळचा गाडीखाना थोडा बाजूला हलवून वास्तुविशारद जॉन कॅल्विन स्टीव्हन्स याने त्याचा स्टुडिओ केला आणि वरच्या मजल्याला समुद्राकडे तोंड करून प्रशस्त सज्जा काढला. होमरला संन्यासी ठरवणारी दंतकथा फार पसरली आहे, पण ती पटत नाही. भावांची कुटुंबे शेजारीच होती, तो हौसेने बाग करी आणि कडाक्याच्या हिवाळ्यात पुष्कळदा फ्लोरिडा किंवा बहामा बेटांकडे जाई. त्याला हवा होता तो कामात अडथळा न येणारा वेळ.

येथील सुरुवातीच्या काळातली त्याची मोठी तैलचित्रे माणसांची आहेत : बुडत्या जहाजावरची सुटका, धुक्यात सापडलेला एकटा कोळी. १८९० च्या ‘सनलाइट ऑन द कोस्ट’ मध्ये मात्र माणूस नाही. खडक, लाट आणि आकाश एवढेच उरते. ‘नॉर्थईस्टर’ (१८९५) या चित्रात त्याने आधी दोन माणसे खडकावर दबून बसलेली दाखवली होती. पुढे काही वर्षांनी त्याने ती रंगाखाली पुसली आणि फेसाचा उसळता लोट वाढवला. या जागेने त्याला काय शिकवले याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. गोष्ट सांगणारा चित्रकार येथे प्रकाशाचा साक्षीदार झाला.

‘वेस्ट पॉइंट, प्राउट्स नेक’ (१९००) विषयी त्याने पत्रात आग्रहाने लिहिले की हा सूर्यास्तानंतर १५ मिनिटांनी दिसणारा प्रकाश आहे, त्याआधीचा नव्हे. ‘अर्ली मॉर्निंग आफ्टर अ स्टॉर्म ॲट सी’ हे चित्र १९०० मध्ये सुरू होऊन १९०३ मध्ये पुरे झाले, कारण वादळानंतरची तशी सकाळ पुन्हा येईपर्यंत तो थांबत राहिला. येथेच वर्षानुवर्षे राहणाऱ्यालाच हे परवडते.

रानाचे आकर्षणही तितकेच होते. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक डोंगर आणि कॅनडातील क्वेबेक येथे मासेमारीला गेला असता त्याने तळी, जंगले आणि वाटाडे जलरंगात टिपले. उजेडासाठी तो कागदाचा पांढरेपणा राखून ठेवी, ओला रंग टिपून घेई, कधी सुरीने खरवडून खालचा कागद उघडा करी. दुर्दैवाने त्याने वापरलेले काही लाल रंग उजेडात विटणारे होते. ‘फॉर टू बी अ फार्मर्स बॉय’ (१८८७) या चित्रातले आकाश आज जवळपास कोरे दिसते. शिकागोच्या कलासंस्थेतील तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा तेथे मुळात तांबडा-केशरी सूर्यास्त होता हे उघड झाले. हे वाचून होमरची फिकट आभाळे पाहताना सावध राहावे लागते. प्रत्येक फिकेपणा त्याने ठरवलेला नसतो.

होमरचे निधन २९ सप्टेंबर १९१० रोजी याच स्टुडिओत झाले. १९६५ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २००६ मध्ये ती पोर्टलंड कला संग्रहालयाने विकत घेतली आणि डागडुजीनंतर २०१२ मध्ये लोकांना खुली केली. भूशिरावर खासगी घरे असल्याने संग्रहालयामार्फत, लहान गटांतूनच तेथे जाता येते. येथील किनाऱ्यावरचे ‘वेदरबीटन’ (१८९४) हे चित्र त्याच संग्रहालयाकडे आहे. जमल्यास किनारा आधी पाहावा, चित्र नंतर.