पूर्वतपासणी (पोर्तुगीज गोवा)

छापखान्यात जाणारा मजकूर आधी सरकारी सेन्सॉरकडून मंजूर करून घेण्याची सक्ती. पोर्तुगालमधील १९२६ च्या लष्करी उठावातून आलेल्या हुकूमशाहीने ती गोव्यावर लादली.

त्याआधी गोव्याने मोकळा काळ पाहिला होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले आणि नवी मराठी पत्रे निघू लागली. ‘भारतकार’ हेगडे देसाई यांचे ‘भारत’ त्यांतलेच. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या १९३३ च्या संविधानात विचारस्वातंत्र्य नमूद होते, पण त्याचा वापर कसा करायचा ते ‘विशेष कायदे’ ठरवणार होते. पूर्वतपासणीचा हुकूम संविधान अमलात आले त्याच दिवसाचा, ११ एप्रिलचा. हक्क द्यायचा आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची, अशी ही सोय होती.

तपासणी केवळ राजकीय लेखांपुरती नव्हती. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात. मुहूर्त नि मांडवाचा पत्ता यांत राजद्रोह शोधणाऱ्या अंमलदाराची कीव करावी की भीती बाळगावी, हा प्रश्नच आहे. पण माणसे कुठे, कधी जमणार हे सरकारला आधी कळे, आणि खरा उपयोग बहुधा तोच असावा. पोर्तुगालच्या नियमांत तर कापलेल्या मजकुराची जागा कोरी सोडण्यासही मनाई होती. कात्री चालली हे वाचकाला कळताच कामा नये.

सभाबंदी हे याच व्यवस्थेचे दुसरे अंग. आसोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे उतरलेले डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी भर पावसात मडगावच्या सभेला आले. प्रशासक कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढले; लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. त्यांना अटक झाली, पण बंदी उघडपणे मोडली गेली होती. गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना मात्र लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात धाडले.

छापणे अशक्य झाले तेव्हा आवाज हद्दीपलीकडून आला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून गोव्याबाहेरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवली. तिच्यावर सेन्सॉरचा शिक्का मारणार कोण?

१९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय संविधानाचे मूलभूत हक्क गोव्याला लागू झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि देशभरच्या वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली; केंद्रशासित गोवाही त्यातून सुटला नाही. मुक्तीला तेव्हा चौदा वर्षेही झाली नव्हती.