न हरण्याची मालिका: भारत-पाकिस्तान कसोटी क्रिकेटची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९४७ मध्ये पुण्यात भारतीय क्रिकेट संघाचे सराव शिबिर भरले होते. वर्षाअखेर संघ ऑस्ट्रेलियाला जाणार होता आणि निवडलेल्यांत लाहोरचा वीस वर्षांचा वेगवान गोलंदाज फझल महमूदही होता. शिबिर आटोपेपर्यंत देश दुभंगला. पुण्याहून मुंबईला जाताना रेल्वेच्या डब्यात काही लोक आपल्या जिवावर उठले होते आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायुडू हातात बॅट घेऊन मध्ये उभे राहिले, असे फझलने पुढे आत्मचरित्रात लिहिले. तो लाहोरला पोहोचला आणि दौऱ्यातून त्याने नाव मागे घेतले. पाच वर्षांनी तो पुन्हा भारतात आला तो पाकिस्तानचा पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज म्हणून. लखनौच्या कसोटीत त्याने बारा बळी घेतले.

भारत-पाकिस्तान कसोट्यांची ही मालिका दोन परक्या संघांत सुरू झाली नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचा पुढचा इतिहास नीट कळत नाही. पाकिस्तानचा पहिला कर्णधार अब्दुल हाफीज कारदार १९४६ मध्ये भारताकडून इंग्लंडमध्ये कसोटी खेळला होता. त्याच्यासमोर नाणेफेकीला उभा राहिलेला लाला अमरनाथ लाहोरातच वाढलेला. गुल महंमद १९५२ च्या मालिकेत भारताकडून खेळला आणि चार वर्षांनी पाकिस्तानकडून. त्याआधी मुंबईत पंचरंगी स्पर्धा होत असे, त्यात हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे संघ उतरत. धर्माच्या नावाने संघ पाडायला महात्मा गांधींनी १९४० मध्ये उघड विरोध केला होता आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. फाळणीनंतर त्यातल्या दोन संघांच्या जागी दोन राष्ट्रे उभी राहिली, असे म्हणणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही, कारण भारताचा संघ कधीच हिंदू संघ नव्हता. लखनौला फझल बळी घेत होता तेव्हा भारताकडून गुलाम अहमद खेळत होता.

जुलै १९५२ मध्ये पाकिस्तानला कसोटी दर्जा मिळाला आणि ऑक्टोबरात दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर पहिला सामना झाला. पुण्यात जन्मलेला हेमू अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. मग विनू मंकडने ५२ धावांत ८ आणि ७९ धावांत ५ असे तेरा गडी बाद केले. भारत डावाने जिंकला. लखनौला मंकड, हजारे, अधिकारी तिघेही नव्हते. तागाच्या चटईने झाकलेल्या खेळपट्टीवर फझलचा लेगकटर, म्हणजे टप्पा पडल्यावर बाहेर जाणारा चेंडू, वळत राहिला, नझर महंमदने सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद १२४ केल्या आणि पाकिस्तानने आपल्या दुसऱ्याच कसोटीत डावाने विजय मिळवला. तिसरी कसोटी मुंबईत ब्रेबॉर्नवर झाली. हजारे नाबाद १४६, उम्रीगर १०२, मंकडचे आठ बळी आणि दहा गडी राखून विजय. मालिका भारताने २-१ अशी घेतली. तीन सामने, तीन निकाल. झकास सुरुवात होती.

त्यानंतर सव्वीस वर्षे एकही सामना निकाली झाला नाही. त्याच मालिकेतल्या मद्रास आणि कलकत्त्याच्या उरलेल्या कसोट्या अनिर्णित सुटल्या. १९५४-५५ मध्ये भारत पाकिस्तानात गेला, पाचही सामने अनिर्णित. १९६०-६१ मध्ये पाकिस्तान भारतात आला, पुन्हा पाचही अनिर्णित. सलग बारा सामने दोन्ही संघ खेळपट्टीवर नांगर टाकून बसल्यासारखे खेळले. पहिल्या मालिकेत दोघांनाही पराभवाची चव कळली होती. घरी परतल्यावर काय ऐकावे लागते तेही कळले होते. त्यानंतर प्रत्येक कर्णधाराने एकच हिशोब केला: इथे जिंकलो तर गळ्यात हार पडतील, पण हरलो तर खुर्ची जाईल. हार दोन दिवसांत सुकतात, खुर्ची परत मिळत नाही. माझ्या मते या मालिकेचे स्वरूप युद्धांनी जेवढे घडवले तेवढेच या हिशोबाने घडवले.

गंमत म्हणजे मैदानात एवढी कंजुषी चालू असताना मैदानाबाहेर भलताच मोकळेपणा होता. १९५५ च्या लाहोर कसोटीसाठी सीमा खुली करण्यात आली आणि हजारो भारतीय प्रेक्षक वाघ्यावरून सामना पाहायला गेले. फाळणीला जेमतेम साडेसात वर्षे झाली होती. अनेकांसाठी क्रिकेट हे निमित्तच असावे, आपली सोडलेली गल्ली पाहून येण्याचे.

मग १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली आणि सतरा वर्षे हे संघ एकमेकांविरुद्ध कसोटी खेळलेच नाहीत. गावसकर, विश्वनाथ, चार फिरकीवाले अशी भारताची एक आख्खी पिढी पाकिस्तानला न भेटता तिशीकडे किंवा तिशीपार गेली. १९७८ मध्ये दिल्लीत जनता पक्षाचे सरकार होते, परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी. दौरा ठरला. फैसलाबादची कसोटी (तिथेच कपिल देवचे पदार्पण) अनिर्णित राहिली, म्हणजे ओळीने तेरावी. त्यानंतर लाहोरला झहीर अब्बासने नाबाद २३५ केल्या आणि अखेर कोंडी फुटली. मालिकेत त्याने ५८३ धावा काढल्या. कराचीत गावसकरने १११ आणि १३७ अशी दोन शतके ठोकली, तरी शेवटच्या दिवशी पाकिस्तानने १६४ धावांचे लक्ष्य घड्याळाशी शर्यत लावून पार केले. भारताचा कर्णधार बेदी याच्या चेंडूंवर इम्रान खानने मारलेले षटकार जुने श्रोते अजून सांगतात. प्रसन्ना त्या दौऱ्यानंतर कसोटी खेळला नाही आणि बेदीचे कर्णधारपद गेले.

पुढच्याच वर्षी फासे उलटे पडले. १९७९-८० मध्ये भारताने घरी सहा कसोट्यांची मालिका २-० अशी जिंकली, वानखेडेवर आणि मद्रासला. मद्रासला गावसकर १६६ आणि कपिलचे अकरा बळी. पाकिस्तानचा कर्णधार असिफ इक्बाल, मूळचा हैदराबादचा, कलकत्त्याच्या सामन्यानंतर कसोटीतून निवृत्तच झाला. १९८२-८३ मध्ये इम्रानने सहा कसोट्यांत ४० बळी घेतले, पाकिस्तान ३-० जिंकला. हैदराबाद सिंधमध्ये मुदस्सर आणि मियांदाद यांनी ४५१ धावांची भागीदारी केली. मोहिंदर अमरनाथ एकटा उभा राहिला, ५८४ धावा. पण गावसकरचे कर्णधारपद गेले आणि विश्वनाथची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. कपिल कर्णधार झाला आणि चार महिन्यांनी लॉर्ड्सवर विश्वचषक उंचावला, हा त्या पराभवाचा अनपेक्षित परिणाम.

इतक्या डोक्यांचा बळी गेल्यावर पुढच्यांनी काय धडा घ्यावा? १९८३-८४ मध्ये बंगळूर, जालंधर, नागपूर, तिन्ही अनिर्णित. १९८४ च्या दौऱ्यात दोन कसोट्या अनिर्णित झाल्या आणि ३१ ऑक्टोबरला सियालकोटच्या एकदिवसीय सामन्यात दिलीप वेंगसरकर ९४ वर नाबाद असताना इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आली. सामना आणि दौरा दोन्ही तिथेच थांबले. १९८६-८७ मध्ये भारतात पहिल्या चार कसोट्या अनिर्णित, आणि त्यातच पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक जयपूरला सामना पाहायला येऊन गेले. सीमेवर सैन्य समोरासमोर उभे असतानाची ती भेट.

त्या मालिकेतली पाचवी कसोटी मात्र वेगळीच निघाली. बंगळूरची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून भिंगरीसारखी फिरत होती. मनिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेऊन पाकिस्तानला ११६ वर गुंडाळले. चौथ्या डावात भारताला २२१ हव्या होत्या. एका टोकाला इक्बाल कासिम, दुसऱ्याला तौसिफ अहमद, आणि मधे शेवटची कसोटी खेळणारा सुनील गावसकर. चेंडू कधी उसळत होता, कधी घोट्याशी येत होता. तो ९६ वर स्लिपमध्ये झेल देऊन परतला आणि भारत १६ धावांनी हरला. शतकांची मोजदाद करणाऱ्यांनी खुशाल करावी, वळत्या खेळपट्टीवर फलंदाजी कशी करावी हे शिकवायचे असेल तर त्याच्या ३४ शतकांपैकी एकही नाही, ही ९६ धावांची खेळी दाखवावी.

संशय हा या मालिकेचा कायमचा सोबती. यजमान पंचांबद्दल दोन्हीकडून तक्रारी असत. इम्रान तटस्थ पंचांसाठी आग्रही होता आणि १९८६ च्या अखेरीस वेस्ट इंडिज पाकिस्तानात खेळत असताना लाहोरला दोन भारतीय पंच उभे राहिले: मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. पाकिस्तानने निष्पक्षपातीपणाच्या साक्षीला भारतीय पंच बोलावले, हा योगायोग फारसा कुणी आठवत नाही. १९८९ ची मालिका इंग्लंडच्या पंचांनी सांभाळली. आज जगभर जी पद्धत रुळली आहे, तिच्या मुळाशी या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

१९८९ ची मालिका सचिन तेंडुलकरच्या कराचीतल्या पदार्पणामुळे लक्षात राहिली, आणि सियालकोटला वकारचा चेंडू नाकावर बसूनही त्याने केलेल्या ५७ धावांमुळे. खरा किल्ला लढवला तो संजय मांजरेकरने, एका द्विशतकासह ५६९ धावा. निकाल ०-०. पाकिस्तानात न हरता परतलेला श्रीकांत तरीही कर्णधारपदावर राहिला नाही, त्याच्या स्वतःच्या धावा आटल्या होत्या.

नव्वदच्या दशकात कसोट्या जवळजवळ गायब झाल्या. १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. दोन्ही संघ शारजात आणि टोरांटोत एकदिवसीय सामने खेळत राहिले. जानेवारी १९९९ मध्ये कोटलाची खेळपट्टी उखडली गेली, तरी या वेळी दौरा झाला. पहिली कसोटी चेन्नईला हलवली. २७१ धावांच्या पाठलागात ५ बाद ८२ वरून तेंडुलकरने पाठदुखी सोसत १३६ पर्यंत मजल मारली, तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या, आणि उरलेल्यांनी चार काढल्या. बारा धावांनी जिंकलेल्या पाकिस्तानी संघाला चेन्नईच्या चेपॉक मैदानावरल्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या दिल्या आणि त्या संघाने मैदानाला फेरी मारली. आठवड्याभरात दिल्लीत अनिल कुंबळेने ७४ धावांत दहाही गडी बाद केले. मग त्याच महिन्यात कोलकात्यात, आशियाई कसोटी स्पर्धेच्या सामन्यात, शोएब अख्तरशी धडकून तेंडुलकर धावबाद झाला, प्रेक्षक खवळले आणि शेवटच्या दिवशी गॅलऱ्या रिकाम्या करून खेळ संपवावा लागला. चेन्नई आणि कोलकाता यांत एक महिन्याचेही अंतर नव्हते.

२००४ च्या दौऱ्याला निघताना पंतप्रधान वाजपेयींनी संघाला सांगितले, ‘खेल ही नहीं, दिल भी जीतिए.’ मुलतानला वीरेंद्र सेहवागने ३०९ केल्या, त्रिशतक करणारा पहिला भारतीय. पण माझ्या दृष्टीने त्या कसोटीतला महत्त्वाचा क्षण तो नव्हे. तेंडुलकर १९४ वर असताना हंगामी कर्णधार राहुल द्रविडने डाव घोषित केला. त्यावर महाराष्ट्रात घरोघरी भांडणे झाली, अजून होतात. तो निर्णय योग्य होता की नाही हे बाजूला ठेवू. पाकिस्तानच्या भूमीवर भारतीय कर्णधार दुसऱ्याच दिवशी विजयाची घाई करतो, हे त्याआधी कधी घडले होते? भारत डाव आणि ५२ धावांनी जिंकला, पाकिस्तानात पहिल्यांदाच. रावळपिंडीला द्रविडच्या २७० धावांनी मालिका २-१ अशी खिशात आली.

पुढच्या तीन मालिका लागोपाठच्या वर्षांत झाल्या. २००५ मध्ये भारतात १-१. २००६ मध्ये लाहोरला सेहवाग-द्रविड यांनी सलामीला ४१० काढल्या, मंकड-रॉय यांच्या विक्रमाला तीन कमी. कराचीत इरफान पठाणने पहिल्याच षटकात हॅट्ट्रिक घेतली, तरी सामना पाकिस्तानने ३४१ धावांनी मारला. २००७ मध्ये कुंबळेच्या नेतृत्वाखाली भारताने १-० अशी मालिका घेतली, घरच्या मैदानावर सत्तावीस वर्षांनी. १२ डिसेंबर २००७ ला बंगळूरमध्ये पाकिस्तान ७ बाद १६२ वर असताना अंधूक उजेडामुळे खेळ थांबला.

पुढच्या वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि जानेवारी २००९ चा भारताचा पाकिस्तान दौरा रद्द झाला. त्या जागी श्रीलंकेचा संघ गेला आणि मार्चमध्ये लाहोरला त्यांच्या बसवर गोळीबार झाला. २०१२-१३ मध्ये पाकिस्तान मर्यादित षटकांसाठी भारतात येऊन गेला. कसोटी मात्र नाही. २०१९ मध्ये कसोटी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला सहाच प्रतिस्पर्धी दिले गेले आणि या दोघांना एकमेकांसमोर ठेवले नाही. अंतिम फेरीत गाठ पडली तरच सामना.

एकूण ५९ कसोट्यांत पाकिस्तान १२, भारत ९, अनिर्णित ३८. हा आकडा नेहमी एकत्र सांगितला जातो, तो फोडून पाहिला पाहिजे. १९८९ पर्यंतच्या ४४ कसोट्यांपैकी ३३ अनिर्णित होत्या. १९९९ पासूनच्या १५ मध्ये भारताचे पाच विजय, पाकिस्तानचे पाच आणि पाच अनिर्णित. भीती सुटली, खेळ बरोबरीचा झाला, आणि नेमकी तेव्हाच मालिका बंद पडली. विराट कोहली १२३ कसोट्या खेळून निवृत्त झाला, त्यात पाकिस्तानविरुद्ध एकही नाही. अश्विनचीही तीच गत.