साथरोगशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि उद्देशपत्र

साथरोगशास्त्राचा, म्हणजे आजार कोणाला, किती आणि का होतात याच्या शास्त्राचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम फक्त डॉक्टरांसाठी असतो, हा समज चुकीचा आहे. काही वैद्यकीय पदव्यांना तशी अट असते हे खरे. परंतु अनेक विद्यापीठे परिचर्या, पशुवैद्यक, जीवशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या पदवीधरांनाही पात्र धरतात. पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र असल्याचा पुरावा मात्र बऱ्याचदा मागितला जातो, म्हणून माहितीपत्रकातील तळटीपाही वाचाव्यात.

पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, ओळखपत्र आणि असल्यास अनुभवाचे प्रमाणपत्र, एवढी कागदपत्रे साधारणपणे लागतात. सर्व कागदांवरील नाव अक्षरशः सारखे असावे. नसल्यास प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे. इंग्रजीची परीक्षा आवश्यक असेल, तर आयईएलटीएस व टोफेल या दोन्हींचे गुण २ वर्षेच ग्राह्य धरले जातात. शिफारसपत्र बहुधा शिफारस करणाऱ्यानेच परस्पर पाठवायचे असते, आणि ते पोहोचेपर्यंत आपला अर्ज अपूर्ण राहतो. त्यामुळे प्राध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवणे बरे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो उद्देशपत्राला, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या लेखी निवेदनाला. ‘समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य प्रत्येकजण लिहितो, आणि त्यावरून निवड समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी मोजता येईल असा प्रश्न मांडावा. समजा, एका वर्षात २०,००० वस्तीच्या गावात एका आजाराचे ४० नवे रुग्ण आढळले आणि ५,००० वस्तीच्या गावात ३०. आकडा पहिल्या गावाचा मोठा असला, तरी दर हजारी प्रमाण तिथे २ आणि दुसऱ्या गावात ६ येते. हा फरक कशामुळे पडला असेल, वयोमानामुळे, पाण्यामुळे की केवळ नोंदी नीट ठेवल्यामुळे, एवढे विचारणारा परिच्छेद अर्जदाराला छेदाचे, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचे तिचे, महत्त्व समजल्याचे दाखवतो.

मुलाखत असल्यास इन्सिडन्स (ठरावीक काळातील नव्या रुग्णांचे प्रमाण) आणि प्रिव्हॅलन्स (एका वेळी असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण) यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगता यावा. अभ्यासाच्या पद्धतीही माहीत असाव्यात. उदाहरणार्थ, डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध केस-कंट्रोल पद्धतीने, म्हणजे आजार असलेल्या व नसलेल्या माणसांच्या पूर्वीच्या सवयींची तुलना करून, तपासला होता. अशा अभ्यासात आजारी व निरोगी माणसे किती घ्यायची हे संशोधकच ठरवतो, म्हणून त्यातून आजाराचा दर थेट निघत नाही आणि ऑड्स रेशो, म्हणजे सवय असणारे व नसणारे यांच्या दोन्ही गटांतील गुणोत्तरांची तुलना, काढावा लागतो.