मऊ खनिज, कठीण खडक आणि डुलूथचं बंदर

अटलांटिक महासागरापासून जलमार्गाने सुमारे 3,700 किलोमीटर आत, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला डुलूथ हे बंदर आहे. समुद्र इतका लांब, तरी इथे 305 मीटर लांबीची जहाजं धक्क्याला लागतात. डुलूथचा इतिहास सहसा रेल्वे कंपन्या आणि उद्योगपतींपासून सांगितला जातो. माझ्या मते तो खडकापासून सांगायला हवा, कारण या शहराचं प्रत्येक वळण खडकाच्या जातीने ठरवलं आहे.

डुलूथच्या उत्तरेला मेसाबी नावाचा लोहखनिजाचा पट्टा आहे. सुमारे 190 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते गाळ बनून तळाशी बसलं. लोहाचा एक थर, सिलिकाचा (वाळूतल्या मुख्य घटकाचा) एक थर, असा पट्टेदार खडक तयार झाला. (गोव्यातलं लोहखनिजही अशाच पट्टेदार खडकांतून आलेलं आहे, फक्त ते खडक याहून जुने.) पुढे मेसाबीत काही ठिकाणी झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका धुऊन नेली आणि मागे उरलं ते मातीसारखं मऊ, लोहाने समृद्ध खनिज. जिथे पाणी पोहोचलं नाही तिथे मूळचा कठीण खडक तसाच राहिला. त्याला टॅकोनाइट म्हणतात.

शहराची सुरुवात डळमळीतच झाली. वाळूचा लांबलचक दांडा बंदराला सरोवरापासून वेगळं करत होता आणि त्याचं नैसर्गिक तोंड शेजारच्या सुपीरियर गावाच्या बाजूला होतं. डुलूथकरांनी 1871मध्ये दांडा कापून आपल्या बाजूने कालवा काढला. नागरिकांनी रातोरात फावड्यांनी तो खणला अशी दंतकथा आहे, पण काम केलं ते तळाचा गाळ उपसणाऱ्या वाफेच्या यंत्राने, म्हणजे ड्रेजरने. दोनच वर्षांत, 1873च्या आर्थिक संकटात, रेल्वेला पैसा पुरवणारी पेढी बुडाली आणि शहर ओस पडू लागलं.

मग 1890मध्ये डुलूथच्या मेरिट बंधूंच्या माणसांना मेसाबीत मऊ खनिज सापडलं. खोल विहिरी, बोगदे यांची गरजच नव्हती. वरची माती काढायची आणि वाफेच्या फावड्याने खनिज थेट रेल्वेच्या वाघिणीत भरायचं. सुरुवातीला लोखंड गाळणारे भट्टीवाले नाराज होते, कारण हा भुगा हवेच्या झोतात उडून भट्टीबाहेर जाई. भट्ट्या त्याला साजेशा बदलल्या तशी मागणी वाढली. मेरिट बंधूंच्या हाती मात्र काही राहिलं नाही. 1893च्या मंदीत खाणी आणि रेल्वे तेलसम्राट जॉन रॉकफेलरकडे गेल्या, आणि 1901मध्ये यू. एस. स्टील या पोलाद कंपनीकडे.

बंदराचं खरं कौतुक त्याच्या धक्क्यांत आहे. एक धक्का सुमारे 700 मीटर लांब आणि पाण्यापासून 25 मीटर उंच. वर रेल्वेचे रूळ, खाली खनिजाच्या कप्प्यांची रांग. टेकडीवरून उतरलेल्या वाघिणी वर येऊन थांबतात, त्यांचे तळ उघडतात, खनिज कप्प्यात पडतं. जहाज कडेला लागलं की पन्हाळी खाली येतात आणि खनिज धडधडत जहाजाच्या पोटात जातं. हे सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. तिथून जहाजं सरोवराच्या पूर्व टोकाचे, सू इथले जलपाश (जहाजं एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजेबंद कालवे) ओलांडून खालच्या सरोवरांकडे जात, आणि परतताना पेनसिल्वेनियाकडचा कोळसा आणत. पोलादाचे मोठे कारखाने कोळशाजवळ उभे राहिले. डुलूथच्या वाट्याला मुख्यतः वाहतूकच आली.

दुसऱ्या महायुद्धात मऊ खनिजाचा प्रचंड उपसा झाला आणि ते संपत आल्याचं दिसू लागलं. उरला टॅकोनाइट, ज्यात लोह जेमतेम 25 ते 30 टक्के. मिनेसोटा विद्यापीठातले एडवर्ड डेव्हिस कित्येक दशकं या खडकाच्या मागे लागले होते. त्यांची पद्धत अशी: खडक दळून पिठासारखा बारीक करायचा, त्यातलं मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज चुंबकाने ओढून घ्यायचं, बेंटोनाइट चिकणमाती मिसळून बोराएवढ्या गोळ्या वळायच्या आणि 1,300 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायच्या. या गोळीत सुमारे 65 टक्के लोह असतं. शिवाय ती कडक असल्याने भट्टीत गरम वायूला तिच्या आजूबाजूने मोकळी वाट मिळते. ज्या भुग्याला भट्टीवाले कंटाळले होते, त्याच्या जागी त्यांना मऊ खनिजाहून सरस माल मिळाला.

पण दळलेल्या खडकाचा उरलेला दोन तृतीयांश भाग कुठे टाकायचा? डुलूथच्या ईशान्येला, सिल्व्हर बे इथल्या कारखान्याने 1950च्या दशकापासून तो सरळ सरोवरात सोडला, पुढे दिवसाला सुमारे 67,000 टन. सरोवरातला प्रवाह त्या किनाऱ्याने नैर्ऋत्येकडे, म्हणजे डुलूथकडे वाहतो. शहर सरोवराचंच पाणी क्लोरीन टाकून, न गाळता पीत होतं. जून 1973मध्ये जाहीर झालं की या पाण्यात कर्करोगाला कारण ठरणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉससारखे सूक्ष्म तंतू आहेत. एप्रिल 1974मध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करायला लावला, वरच्या न्यायालयाने तो दोनच दिवसांत पुन्हा सुरू करू दिला. गाळ जमिनीवर साठवायची सोय व्हायला 1980 उजाडलं. तोवर शहराने गाळणी केंद्र उभारलं होतं. त्यात रसायनांनी तंतूंच्या गुठळ्या करून ते थरांमध्ये अडवले जातात. पुढच्या अभ्यासांत डुलूथकरांमध्ये पचनमार्गाच्या कर्करोगात ठोस वाढ दिसली नाही. तरीही घराघरात न गाळलेलं पाणी जात असताना इतका काळ वाट पाहायला लावणं मला अक्षम्य वाटतं.

आता चर्चा आहे ती तिसऱ्या खडकाची. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी इथे खंड फाटू लागला तेव्हा वर आलेल्या शिलारसाच्या खडकात तांबं आणि निकेल आहे, पण ते गंधकाशी बांधलेलं. असा खडक हवापाण्यात उघडा पडला की आम्ल आणि सल्फेट तयार होतात. सल्फेट वाढलं की पाण्यात आपोआप उगवणारा जंगली भात खुंटतो. हा भात इथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे, आणि 1854च्या करारात जमीन देताना त्यांनी शिकार-मासेमारीचे हक्क राखून ठेवले होते. अशा भाताच्या पाण्यात सल्फेट लिटरला 10 मिलिग्रॅमहून जास्त नको, असा नियम मिनेसोटाने 1973मध्येच केला. तो किती कडकपणे पाळायचा, यावरून खाण कंपन्या, राज्य सरकार आणि ओजिब्वे यांच्यात वाद झडत आले आहेत.