भेट घरीच व्हायची: कोल्हापूरच्या सणांतल्या हातकामाची पार्श्वभूमी

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की कोल्हापुरातल्या पेठांमध्ये पोरांची शोधाशोध सुरू होते. पडक्या भिंतीच्या विटा, धान्याचं रिकामं पोतं, कुणाच्या तरी बांधकामावरची माती. दोन-तीन दिवसांत दारात किल्ला उभा राहतो. उतारावर अळीव पेरतात, रोज पाणी शिंपडतात आणि दिवाळीच्या पहिल्या पणतीपर्यंत डोंगर हिरवा होतो. पन्हाळा इथून जेमतेम वीस किलोमीटरवर, त्यामुळं तीन दरवाजा कुठं आणि सज्जाकोठी कुठं यावर पहिलीतलं पोरगंही हुज्जत घालतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंद जागतिक वारशात केली, त्यात पन्हाळाही आहे.

लहान मुलं असलेल्या घरांत आता किल्ल्याच्या जोडीनं आणखी उद्योग चालतात. पणत्या रंगवायच्या, उटण्याच्या पुड्या बांधायच्या, पोरांच्या हाताचे ठसे उमटवून भेटकार्डं करायची आणि फराळाच्या डब्याबरोबर नातेवाइकांना द्यायची. आमच्या घरी एक सहा वर्षांचा आणि एक चार वर्षांची आहे, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत जेवणाचं टेबल जेवायला मिळत नाही. या सगळ्याला मोबाईलवर बघून आलेली हौस म्हणतात. मला ते पटत नाही. भेट घरी करून देण्याची रीत या गावात जुनी आहे आणि तिला वेगवेगळ्या वाटांनी पाणी आलेलं आहे. शेती, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि सगळ्यात शेवटी शाळा.

सगळ्यात जुनी वाट मातीची आणि शेणाची. आषाढात बेंदूर येतो. ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत ते त्यांची शिंगं रंगवतात, त्यांत कडबोळी अडकवतात. ज्यांच्याकडं नाहीत ते कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणून पुजतात. नागपंचमीला मातीचा नाग, गणेश चतुर्थीला गणपती. शाहूपुरी, गंगावेस, पापाची तिकटी या भागांतल्या कुंभार गल्ल्यांमध्ये पावसाळाभर हात मातीत असतात. या गल्ल्यांतून शाळेत जाणाऱ्या पोराला मूर्ती कशी होते हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. दिवाळीत जिल्ह्यातल्या खेड्यांमधून अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव मांडतात. शेणाचा गोळा, त्याला चिमटीनं काढलेलं नाक, डोक्यावर बोटभर घागर, वर खोचलेलं झेंडूचं फूल. हे काम बायकांचं आणि पोरांचं. दोन-चार दिवसांत गवळणी वाळतात, तडकतात आणि उकिरड्यामार्गे शेतात जातात.

हे संपून जाणं महत्त्वाचं आहे. या परंपरेतली जवळजवळ कुठलीच वस्तू ठेवणीतली नाही. ती पुजली जाते, वाटली जाते, खाल्ली जाते किंवा विसर्जित होते. वस्तू उरत नाही, म्हणून दरवर्षी पुन्हा करावी लागते, आणि दरवर्षी करायची म्हणजे घरातल्या पुढच्या पोराला हाताखाली घ्यावंच लागतं.

नवरात्रातली कडाकणी हे याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. रवा-मैदा गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यात घट्ट भिजवायचा, पापडासारखं पातळ लाटायचं आणि तळायचं. नुसत्या गोल कडाकण्यांवर भागत नाही. देवीचा साज करायचा असतो. वेणी, फणी, जोडवी, मंगळसूत्र, सगळं पिठाचं. ते दोऱ्यात ओवून घटावर फुलोरा म्हणून बांधतात. साज करताना मोठ्यांच्या हाती लाटणं असतं आणि उरलेल्या कडा पोरांकडं जातात. त्यातून फणीला दात पाडायचे, वेणीला पेड घालायचे. चार वर्षांच्या मुलीची फणी फणीसारखी दिसत नाही, पण तीही तळली जाते आणि तीही घटावर बांधली जाते. तिच्या कामाला वेगळी, लुटुपुटूची जागा नाही, हे मला फार मोठं वाटतं. नवरात्र उठलं की कडाकण्या शेजारीपाजारी वाटल्या जातात.

त्यानंतर लगेच दसरा. दसरा चौकात सूर्यास्ताच्या सुमाराला छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन होतं, लोक सोनं लुटतात आणि रात्रभर घरोघरी आपट्याची पानं देत फिरतात. रघुराजा, कौत्स आणि कुबेराची गोष्ट त्यामागं सांगितली जाते. पोरांसाठी ही पहिली स्वतंत्र भेट असते. खिशात पैसा नसताना, कुणाच्या मदतीशिवाय, थोरांच्या हातात सोनं ठेवून पाया पडायचं.

फराळाच्या ताटाचा नियमही देण्याघेण्याचाच आहे. करंज्या, चकल्या, चिवडा, वर क्रोशानं विणलेला रुमाल. ते ताट नेऊन द्यायचं काम घरातल्या लहानाकडं. शेजारची काकू ताट रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालते. बहुतेकदा तिचा फराळच येतो. सगळ्यांच्या घरी तेच पदार्थ असतात, तरी ताटं फिरतात. कुणाची करंजी खुसखुशीत आणि कुणाची चकली कडक यावर पुढं महिनाभर बोलायला विषय होतो.

सुताची वाट सणाशी बांधलेली नाही, ती जन्माशी बांधलेली आहे. बाळ होणार म्हटलं की घरात बाळंतविड्याची तयारी सुरू व्हायची. झबली, टोपरं, कुंची, दुपटं आणि वाकळ. बाहेर जिला गोधडी म्हणतात ती आमच्याकडची वाकळ. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं आत-बाहेर, मध्ये जुन्या कापडांचे थर, आणि कडेपासून आत येत गेलेला साधा धावदोरा. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं, जुनं टोचत नाही, हे त्यामागचं साधं कारण. लग्नातल्या रुखवतात हीच कला मिरवायला निघते: मण्यांची तोरणं, लोकरीचे पक्षी, विणलेले रुमाल. रुखवत आता तयार मिळतं. वाकळ मात्र अजून बऱ्याच घरांत शिवली जाते. वाटून-खाऊन संपणाऱ्या भेटींमध्ये ही एक टिकणारी, पण तीही विरेपर्यंतच.

संक्रांतीला कोल्हापूर घरच्या मैदानावर खेळतं, कारण गूळ इथला. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं पेटतात, काहिलीत रस उकळतो, आणि जानेवारीपर्यंत घरात तिळगुळासाठी नवा गूळ आलेला असतो. लाडू वळायला पोरं बसवायची ती याच वेळी. पाक गरम असतानाच वळावं लागतं, म्हणून तळहाताला तूप लावायचं आणि मिश्रण जरा निवलं की लहानांच्या हातावर एकेक सुपारीएवढा गोळा द्यायचा.

हलवा मात्र पोरांचं काम नाही. शेगडीचा मंद विस्तव, वर परात, परातीत तीळ, साबुदाणा किंवा खसखस, आणि एका हातानं थोडा थोडा साखरेचा पाक सोडत दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाणे सतत हलवत राहायचं. पाक सुकतो, पुन्हा सोडायचा. असं तासन् तास, कधी दोन-तीन दिवस. हवा थंड आणि कोरडी असेल तरच दाण्यावर काटा फुलतो. त्या काटेरी हलव्याचे दागिने काळ्या कापडावर शोभतात म्हणून सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी, आणि बाळाच्या बोरन्हाणाला काळं झबलं. बाळाला मुकुट, हार, बाजूबंद, मुलगी असेल तर बिंदी. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे आणि हलवा ओतायचा आणि गल्लीतल्या पोरांनी तो लुटायचा. दागिने करणाऱ्या हाताला ठाऊक असतं की हा हार तासाभरात कुणीतरी तोडून खाणार आहे. तरीही तो मोजून, दाण्याला दाणा लावून ओवला जातो.

आता कागद. आज लहान मुलांचं हातकाम म्हटलं की कात्री, रंगीत कागद आणि डिंक हेच डोळ्यांपुढं येतं, पण सगळ्या वाटांमध्ये ही सर्वांत धाकटी, आणि तिचा उगम बराच लांब आहे. १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग इथं फ्रेडरिक फ्रोबेलनं लहान मुलांसाठी संस्था काढली, पुढं तिला त्यानं बालोद्यान असं नाव दिलं. मुलांना हाताळायला द्यायच्या वस्तूंना तो 'भेटी' म्हणायचा. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. भेटींच्या जोडीला उद्योग: कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम, कातरकाम, मातीकाम. घोटीव कागदाच्या पट्ट्या खाली-वर विणून केलेली जी चटई आपण बालवाडीत केली आणि आपली पोरं करतात, ती तिथून निघाली.

मराठी घरांपर्यंत ती यायला शाळा लागली. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा जिथं पाटी-पुस्तक कधी आलं नव्हतं अशा घरांतली पोरं शाळेत आली. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा परदेशी पद्धतीची महाग साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, माती अशा हाताशी असलेल्या वस्तू घेतल्या. मला वाटतं बालशिक्षणातला हा फार मोलाचा निर्णय होता, कारण त्यामुळं शाळेतलं हातकाम आणि अंगणातलं हातकाम पुन्हा एकमेकांना ओळखू लागलं. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाभोवती उभं असलेलं शिक्षण मांडलं होतं. कोठारी आयोगानं (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो शब्द आपल्या वेळापत्रकात आला. आठवड्यातल्या त्या तासाला केलेलं भेटकार्ड घरी आलं की आई ते शोकेसच्या काचेला आतून लावायची.

भेटकार्डाची स्वतःचीही एक हकिगत आहे. छापील नाताळ-कार्ड पहिल्यांदा विक्रीला आलं ते १८४३ मध्ये लंडनला, हेन्री कोल या गृहस्थानं बाजारात आणलेलं. घरोघरी पत्रं लिहीत बसायला वेळ नव्हता म्हणून त्यानं चित्रासकट शुभेच्छाच छापून घेतल्या. म्हणजे कार्ड जन्माला आलं ते हाताचं काम वाचवायला, आणि आज पोरं तेच हातानं करतात. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, पाव आण्याला. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. पुढं मराठी घरांनी पोस्टाचा आपल्या पद्धतीनं उपयोग केला: संक्रांतीला छोट्याशा शुभेच्छापत्राबरोबर पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून लांबच्या नातेवाइकांना पाठवायचे. पाकीट पोचेपर्यंत दाण्यांचा चुरा झालेला असायचा, तरी तो तोंडात टाकला जायचा. नाताळ तर कोल्हापुरात घरचाच सण आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले, तेव्हापासून इथं ख्रिस्ती वस्ती आहे, आणि डिसेंबरात चांदणीचे कंदील टांगलेले दिसतात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, 'कंदील' अरबीतून.

कंदील हा शब्द बाहेरचा असला तरी कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावायची चाल इथली जुनी. घरी करायच्या पारंपरिक कंदिलाचा सांगाडा नीट बघण्यासारखा आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या २४ कामट्या घ्यायच्या, चार-चारांचे सहा चौकोन बांधायचे आणि ते चौकोन कोपऱ्याला कोपरा जुळवून एकत्र बांधायचे. मधल्या मोकळ्या जागांचे आपोआप आठ त्रिकोण होतात. चौकोनांना एका रंगाचा पतंगी कागद, त्रिकोणांना दुसऱ्या, कडांना कागदाच्या करंज्या, खाली झिरमिळ्या. दिव्यासाठी तळाचा चौकोन उघडा ठेवायचा. चिकटवायला कणकेची खळ. भूमितीच्या तासाला हा आकार शिकायच्या कितीतरी आधी पोराच्या बोटांना तो कळलेला असतो.

घरात अगदी लहान मुलं असतील तर या कामाची वाटणी आपोआप होते. कामट्या तासणं आणि गाठी मारणं मोठ्यांचं, कारण बांबूची कुसळं बोटात जातात. खळ फासणं चार वर्षांच्या मुलीचं, आणि ती कागदापेक्षा फरशीला जास्त लागते. झिरमिळ्या कापणं सहा वर्षांच्या मुलाचं. मावश्यांसाठी छोटे कंदील करायचे तर त्यांना कामट्या नकोत, जाड कागदाच्या पट्ट्याही चालतात. एका रविवारी दोन होतात, तीन नाही.

तुळशीचं लग्न झालं की किल्ल्याची माती कुंड्यांत जाते. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर चढतात. कंदिलाचा कागद तोवर उन्हानं विटून फाटलेला असतो, तो सोलून काढायचा. सांगाडा धड असतो. तोही मावळ्यांच्या शेजारी ठेवायचा, पुढच्या वर्षी चार ताव पतंगी कागद आणले की झालं.