यीस्ट विसळलं की धुतलं?

बिअर बाटल्यांत भरली की फर्मेंटरच्या, म्हणजे ती ज्यात आंबते त्या भांड्याच्या तळाशी बोटभर साका उरतो. पुढच्या बॅचला पुरून उरेल एवढं यीस्ट त्यात असतं, म्हणून तो कोणी फेकत नाही. इथे अमेरिकेत घरी बिअर करणारे आम्ही सर्रास म्हणतो, ‘यीस्ट धुऊन ठेवलंय.’ बहुतेकांनी ते नुसतं विसळलेलं असतं. खरकटं ताट विसळणं वेगळं आणि घासणं वेगळं, तसंच हे. (महाराष्ट्रात हा उद्योग करू नका. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.)

विसळणं सोपं. उकळून गार केलेलं लिटर-दीड लिटर पाणी साक्यावर ओतायचं, फर्मेंटर गरगर फिरवायचा आणि वीसेक मिनिटं त्याला हात लावायचा नाही. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) हिरवट चोथा, प्रथिनांच्या गुठळ्या आणि बऱ्याचशा मेलेल्या पेशी खाली बसतात. वर राहतं ते दुधाळ पाणी. यीस्ट त्यातच असतं. ते निर्जंतुक बरणीत हलकेच ओतून घ्यायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी तळाशी सायीच्या रंगाचा थर दिसतो. झाकण मात्र सैल हवं. उरलीसुरली साखर खाऊन यीस्ट वायू सोडत राहतं, आणि घट्ट झाकणाची बरणी फुटू शकते.

यात कचरा निघाला, जंतू नाही निघाले. लॅक्टोबॅसिलससारखे बिअर आंबट करणारे जिवाणू यीस्टपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे ते आणखी सावकाश बसतात. म्हणजे जो दुधाळ भाग आपण जपून ओततो, त्यात तेही आलेच. माझी एक पेल एल बिअर आंबट झाली होती. तिचा साका मी तीनदा विसळून वापरला. पुढचीही आंबटच झाली.

धुणं म्हणजे आम्लाने धुणं. टार्टारिक आम्लाची युक्ती पाश्चरने 1876 सालच्या आपल्या बिअरवरच्या ग्रंथात दिली होती. आता ब्रुअरीत बहुधा फॉस्फोरिक आम्ल वापरतात. 2 ते 4 अंश सेल्सिअसला पीएच 2 ते 2.5 वर आणून, ढवळत, फार तर दोन तास ठेवायचं आणि लगेच वर्टमध्ये, म्हणजे अजून न आंबलेल्या माल्टच्या गोड काढ्यात घालायचं. जिवाणू बव्हंशी मरतात. यीस्ट तग धरतं, पण थकतं. रानटी यीस्ट शिरलं असेल तर तेही तेवढंच चिवट, सहज वाचतं. पीएच मीटर घरात नसेल तर या भानगडीत पडूच नये.

मी आता दोन्ही करत नाही. बिअरचा पीएच साधारण 4.2 ते 4.5 असतो, वर अल्कोहोल आणि हॉप्स. जिवाणूंना हे मानवत नाही, आणि पाण्याने विसळताना नेमका हाच पहारा उठतो. म्हणून थोड्या बिअरखालीच साका बरणीत भरतो, दोन आठवड्यांच्या आत वापरतो. 19 लिटरच्या बॅचला वाटीभर दाट साका पुरतो. आधी वास घेतो. ताज्या पावासारखा आला तर वर्टमध्ये. आंबूस किंवा जळक्या रबरासारखा आला तर मोरीत.